सहकाऱ्याचे सांगणे : लागू पडणारे आणि मनाला लागणारे

मराठीत कामाबद्दल बोलण्यासाठी शब्दांची कमतरता नाही. वरून खाली येणाऱ्या बोलण्याला शेरा, ताशेरे, कानउघाडणी, समज हे शब्द आहेत. खालून वर जाणाऱ्या बोलण्याला अर्ज, गाऱ्हाणे, तक्रार. पाठीमागे चालणाऱ्या बोलण्याला तर उणीदुणी, चहाडी, कागाळी, कुजबूज अशी भलीमोठी रांग आहे. पण शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या, आपल्याच पगाराच्या आणि आपल्याच दर्जाच्या माणसाने आपल्या कामाविषयी आपल्याला तोंडावर, चांगल्या हेतूने काही सांगणे याला रोजच्या बोलीत वेगळा शब्द नाही. ‘अभिप्राय’ म्हणावे तर तो पाहुण्यांच्या वहीत लिहितात. ‘सल्ला’ म्हणावे तर त्यात देणारा मोठा होतो. ‘टीका’ म्हटले की भांडणच झाले.

शब्द नाही म्हणजे ती गोष्टच नाही असे नव्हे. पण ती गोष्ट आपल्या कार्यसंस्कृतीत अजून नीट रुळलेली नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल. या विषयाचे माझे रीतसर शिक्षण नाही. वाचत गेलो, विचारत गेलो आणि परवानगी मिळेल तिथे मागच्या बाकावर बसून बैठका ऐकत गेलो. वाशीम जिल्ह्यातल्या शाळा, बचत गट आणि कचेऱ्या हे माझे अभ्यासक्षेत्र. एकाच कामावर असलेली माणसे एकमेकांना सुधारू शकतात का, आणि सुधारतात तेव्हा नेमके काय घडलेले असते, हा प्रश्न मनात धरून जे हाती लागले ते इथे मांडतो.

छत्तीस मिनिटांचा धडा

ज्यांनी डी.एड. किंवा बी.एड. केले आहे त्यांना ‘प्रत्याभरण’ हा शब्द आठवत असेल. शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांनी घडवलेला हा शब्द सहकाऱ्याच्या सांगण्याच्या सर्वांत जवळ जातो. तो रुजला सूक्ष्माध्यापनातून. १९६३च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. भावी शिक्षकाने पूर्ण तास न घेता मोजक्या मुलांना पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ द्यायचा. त्यात एकच कौशल्य वापरायचे, लगेच त्यावर बोलणे ऐकायचे आणि तोच पाठ सुधारून पुन्हा द्यायचा.

सत्तरच्या दशकात बडोदे, इंदूर आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांच्या कामातून ती पद्धत भारतीय परिस्थितीला जुळवून घेतली गेली. चित्रीकरणाची यंत्रे नव्हती, दरवेळी शाळेतली मुले आणणेही शक्य नव्हते. म्हणून वर्गमित्रच विद्यार्थी झाले आणि वर्गमित्रच निरीक्षक. सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनरध्यापन आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण, असे एकूण छत्तीस मिनिटांचे चक्र ठरले. साधनांच्या टंचाईतून आलेल्या या बदलाने एक मोठे काम केले. मूल्यमापनाची जागा बरोबरीच्या माणसाकडे आली.

या चक्रात दडलेल्या चार गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, बोलायचे ते एकाच कौशल्यावर. विषय फलकलेखनाचा असेल तर आवाजाबद्दल बोलायचे नाही. दुसरी, निरीक्षकाच्या हातात तक्ता असतो. किती प्रश्न विचारले, किती वेळा उत्तराची वाट पाहिली, याच्या खुणा त्यावर केलेल्या असतात. तिसरी, सांगितल्यानंतर लगेच तोच पाठ पुन्हा देण्याची संधी असते. आणि चौथी, आज जो निरीक्षक आहे तो उद्या फळ्यापुढे उभा राहणार असतो.

विद्यालयातून बाहेर पडून नोकरी लागली की मात्र हे सारे संपते. पुढच्या तीस वर्षांत एखादा सहकारी मागे बसून आपला तास बघेल आणि त्यावर सहा मिनिटे बोलेल, अशी वेळ बहुतेक शिक्षकांवर येत नाही. येतो तो अधिकारी, आणि शेरेपुस्तकात दोन ओळी लिहून जातो.

दोन शिक्षकांची शाळा

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके घेऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. शेती सोयाबीन आणि तुरीची, गावे छोटी, आणि म्हणून प्राथमिक शाळाही छोट्या. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. त्यामुळे द्विशिक्षकी शाळा हे इथले नेहमीचे चित्र आहे. एकाने पहिली-दुसरी सांभाळायची, दुसऱ्याने तिसरी-चौथी.

आता विचार करा. अशा शाळेत ‘सहकारी’ म्हणजे एकच माणूस. त्याच्याच मोटरसायकलवर डबलसीट तालुक्याहून यायचे, त्याच्याच डब्यातली भाजी खायची, रजेच्या दिवशी त्यानेच दोन्ही वर्ग सांभाळायचे. त्याच्या शिकवण्यात काही चुकते आहे असे दिसले तर सांगणार कसे? एक वाक्य वेडेवाकडे गेले तर वर्षभर त्या गाडीवर मागे बसणे कठीण होईल. त्यात एक ज्येष्ठ आणि दुसरा नुकताच लागलेला शिक्षणसेवक असेल, किंवा एक सर आणि एक मॅडम असतील, तर गप्प राहणे हाच शहाणपणा ठरतो.

या गप्प राहण्याची किंमत कोण भरते ते एका साध्या उदाहरणावरून समजेल. ५२ वजा २७ हे गणित एक मूल सोडवते आणि उत्तर लिहिते ३५. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा एवढेच त्याने धरून ठेवले आहे. म्हणून पाचातून दोन गेले तीन, आणि सातातून दोन गेले पाच. हे मूल निष्काळजी नाही. ते एक चुकीचा नियम अगदी इमानदारीने पाळते आहे. एकाच वर्गातल्या पाच-सहा वह्यांत हेच ३५ दिसले तर प्रश्न मुलांचा राहत नाही. हातच्याची वजाबाकी काड्यांच्या गठ्ठ्यांनी न शिकवता नुसती पाठ करून घेतली गेली असावी, असा त्याचा अर्थ होतो. पुढच्या वर्षी ती मुले ज्याच्या वर्गात येतात त्या सहकाऱ्याला हे सर्वांत आधी दिसते. दिसते, पण सांगितले जात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नवी पाच-सहा मुले ३५ लिहितात.

शिक्षकाचा हा एकटेपणा नवा नाही आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही असेही नाही. कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात जवळपासच्या शाळांचे संकुल करावे, शिक्षकांनी एकमेकांच्या मदतीने काम करावे, असे सुचवले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली आणि दहा-पंधरा शाळांचे केंद्र हा घटक उभा राहिला. २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयानंतर केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदांना जोर आला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा संकुलाची कल्पना पुन्हा मांडली. म्हणजे सहकाऱ्यांनी एकत्र बसण्याची जागा आपल्याकडे आहे, दिवसही ठरलेला आहे.

त्या दिवशी काय होते? मी ऐकलेल्या अनेक परिषदांचा साचा साधारण सारखा आहे. स्वागत, परिपत्रकांचे वाचन, कोणती माहिती कोणत्या दुव्यावर भरायची याची चर्चा, मग एखाद्या उत्साही शिक्षकाचा नमुना पाठ. पाठ संपला की टाळ्या. ‘खूप छान झाला’, ‘प्रेरणादायी’, ‘सरांचे अभिनंदन’. आणि चहा. पाठ खरोखर छान असतो, प्रश्न तो नाही. पण ‘छान’ या शब्दाने त्या शिक्षकाच्या हाती काहीही पडत नाही. एकदाच एका ज्येष्ठ गुरुजींनी चहाच्या कपासोबत हळूच म्हटलेले मी ऐकले : “सर, पाठ मस्त होता. पण तुमी फळ्याकडे तोंड करून बोलता तवा मांगच्या पोराईले आयकू येत नाही.” त्या तासाभरातले ते एकमेव उपयोगी वाक्य होते आणि ते इतिवृत्तात नव्हते.

‘चांगला’ हा वाईट शेरा कसा होतो

गप्प राहण्याचे कारण केवळ भिडस्तपणात शोधणे अपुरे ठरेल. सरकारी नोकरीत कामाबद्दलचे मत हे पिढ्यान्‌पिढ्या गोपनीय कागद म्हणून वावरत आले आहे. गोपनीय अहवालात साहेब काय लिहितात ते कर्मचाऱ्याला कळत नसे. शेरा प्रतिकूल असेल तरच तो कळवायचा, असा प्रघात होता.

या प्रघातातली विसंगती देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात उघडी पडली. सीमा रस्ते सेवेतील या कार्यकारी अभियंत्याला १९९३-९४ या वर्षासाठी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. पदोन्नतीसाठी मात्र सलग पाच वर्षे ‘अत्युत्तम’ हवे होते. ‘चांगला’ हा काही प्रतिकूल शेरा नव्हे म्हणून तो त्यांना कळवलाच गेला नाही, आणि त्याच शेऱ्यामुळे त्यांची पदोन्नती अडली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रत्येक शेरा, मग तो कोणताही असो, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. २०१३मध्ये सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हीच भूमिका कायम केली.

न्यायालयापुढचा प्रश्न न्याय्य वागणुकीचा होता. पण आपल्या विषयासाठी त्यातून एक धडा निघतो. कामावरचे मत जेव्हा पदोन्नतीच्या कागदाला जोडले जाते, तेव्हा त्याचा सुधारणेशी संबंध तुटतो. ‘चांगला’ म्हणजे काय, हे न कळलेला माणूस अधिक चांगला होणार कसा?

या दुखण्यावर उपाय म्हणून वरिष्ठांबरोबर सहकारी आणि कनिष्ठ यांचीही मते गोळा करण्याची बहुस्रोत पद्धत मोठ्या कंपन्यांत आली. केंद्र सरकारनेही वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी ती वापरली. २०१७मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्यावर अपारदर्शकतेचा आणि व्यक्तिसापेक्षतेचा आक्षेप घेतला. याचे फारसे आश्चर्य वाटू नये. सहकाऱ्याचे मत निनावी झाले आणि त्यावर खुर्ची अवलंबून राहिली, की मित्र वाढवून सांगतात आणि स्पर्धक कमी करून. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण अशा वेळी शब्दशः खरी होते.

लक्ष कुठे जाते

मानसशास्त्राने या प्रश्नाचा बराच मागोवा घेतला आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६मध्ये तोवरच्या अनेक दशकांतले प्रयोग एकत्र करून तपासले. सहाशेहून अधिक निष्कर्ष त्यांनी जमा केले. कामाबद्दल माहिती परत मिळाल्याने सरासरीने काम सुधारते, हे अपेक्षेप्रमाणे दिसले. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी काम आधीपेक्षा बिघडले होते. अभिप्राय देणे नेहमीच हिताचे, या सर्वमान्य समजुतीला तो मोठा धक्का होता.

त्यांनी दिलेले स्पष्टीकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. सांगणे ऐकल्यावर माणसाचे लक्ष कामाकडे गेले तर काम सुधारते. तेच लक्ष ‘मी कसा आहे, मला काय समजतात’ याकडे वळले तर सारी शक्ती स्वतःला सावरण्यात खर्च होते आणि काम बिघडते. मजा अशी की निंदेप्रमाणे स्तुतीही हेच करू शकते. ‘तुम्ही फारच हुशार आहात’ हे वाक्यसुद्धा लक्ष कामावरून उचलून माणसावर नेऊन ठेवते.

दुसरा अभ्यास एमी एडमंडसन यांचा. रुग्णालयातल्या कोणत्या चमूंकडून औषधे देण्यात अधिक चुका होतात हे त्या तपासत होत्या. चांगल्या चमूत चुका कमी असतील असा साधा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. ज्या चमूंचे नेतृत्व आणि आपसांतले संबंध चांगले, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत होत्या असे नसून त्या उघडपणे बोलल्या जात होत्या. इतरत्र त्या झाकल्या जात. ‘इथे बोललो तर माझी शोभा होणार नाही’ या खात्रीला त्यांनी पुढे १९९९च्या निबंधात मानसिक सुरक्षिततेचे नाव दिले.

वाशीमला या निष्कर्षाचे विशेष महत्त्व आहे. जानेवारी २०१८मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमातील ११२ जिल्ह्यांत वाशीमचा समावेश आहे. शिक्षण, आरोग्य, शेती अशा विषयांवर ४९ निर्देशांक आणि त्यांवरून जिल्ह्यांची क्रमवारी, अशी त्याची रचना. आकड्यांचा उपयोग आहेच. कुठे दुखते ते आकडा सांगतो. पण ५२ वजा २७चे ३५ का होतात ते आकडा सांगत नाही. ते सांगू शकतो फक्त शेजारच्या वर्गातला शिक्षक. आणि क्रमवारीच्या भीतीने तोच गप्प झाला तर आकडा तेवढा सुधारतो, वजाबाकी तशीच राहते.

शेजारणीच्या ढिगातली मूठ

शाळेत जे अवघड वाटते ते मला एका बचत गटात सहज घडताना दिसले. कारंज्याच्या बाजूच्या एका गावात बायका तुरीची डाळ निवडून, पाकिटे भरून विकतात. ओसरीवर प्रत्येकीपुढे आपापला ढीग आणि सूप. पाकीट भरण्याआधी एक रीत पाळली जाते. प्रत्येकीने शेजारणीच्या ढिगातली एक मूठ घ्यायची आणि ती सर्वांसमोर ताटलीत पसरायची. खडा निघाला, टरफल निघाले, तर ‘हे पाय’ म्हणून दाखवायचे. ढीग पुन्हा सुपात जातो. कुणी कुणाला वेंधळी म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही, कारण खडा ताटलीत समोर पडलेला असतो.

त्या रीतीमागचे कारण गटातल्या एका आजीने मला एका वाक्यात सांगितले : “पाकिटावर एकीचं नाव नसते, गटाचं असते.” एकीच्या पाकिटात खडा निघाला तर गिऱ्हाईक सगळ्यांचे तुटते.

बचत गटांची पंचसूत्री सर्वांना माहीत आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नीट हिशेब. वर्तुळात बसून हिशेब मोठ्याने वाचण्याची सवय त्यातूनच लागलेली असते. हप्ता कुणाचा थकला ते तिच्या देखत बोलले जाते, आणि का थकला तेही. आजारपण असेल तर मुदत वाढते. यात ताण नसतो असे मी म्हणणार नाही. हप्त्यावरून जिव्हारी लागेल असे बोलणे, त्यातून गट फुटणे, हेही घडते. पण जे गट टिकले त्यांच्यात मला तीन गोष्टी समान दिसल्या.

पहिली, बोलण्याला आधार म्हणून हातात ‘मूठ’ असते. वही, ढीग, पावती, काहीतरी डोळ्यांनी दिसणारे. दुसरी, पाळी असते. आज मी तुझा ढीग बघते, उद्या तू माझा. त्यामुळे कुणी कायमची परीक्षक होत नाही. तिसरी, बोललेले तिथेच राहते. त्याचा कागद होऊन वर जात नाही. सूक्ष्माध्यापनाच्या चक्रात हेच होते. नोकरीतल्या शेऱ्यात यातले एकही नसते.

जपानमध्ये शिक्षक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ‘पाठ-अभ्यास’ नावाची पद्धत चालवत आले आहेत. चार-पाच जण मिळून एक पाठ आखतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे मुलांच्या वह्या आणि हालचाली बघतात. नंतरच्या चर्चेत आधी शिकवणारा बोलतो. पाठ सगळ्यांनी आखलेला असल्यामुळे उणीव ‘आपल्या पाठा’ची असते. पाकिटावर गटाचे नाव असते तसेच हे.

पुढच्या परिषदेत पंधरा मिनिटे

यातून शाळेसाठी, किंवा कोणत्याही कचेरीसाठी, काय करता येईल? माझ्या मते नवी योजना नको, नवा फॉर्म तर नकोच. शिक्षण परिषदेत पंधरा मिनिटे पुरतील. नमुना पाठाऐवजी प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या तीन वह्या आणाव्यात आणि त्या शेजारच्या शाळेच्या शिक्षकाने बघाव्यात. ‘कसे वाटले’ असे विचारू नये. ‘माझी मुले कुठे अडली आहेत ते या वह्यांत दिसते का?’ असे विचारावे. प्रश्न जेवढा नेमका, उत्तर तेवढे कामाचे. बोलणाऱ्याने वहीवर बोट ठेवूनच बोलावे. आणि त्या पंधरा मिनिटांचे इतिवृत्त लिहू नये.

सुरुवात ज्येष्ठाने करावी, हे सर्वांत महत्त्वाचे. शिक्षणसेवकाने मुख्याध्यापकाला सांगावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. पण पंचवीस वर्षे झालेल्या गुरुजींनी आपली वही आधी पुढे सरकवली, तर धाकट्याला बोलण्याची मुभा आपोआप मिळते. द्विशिक्षकी शाळेतही हे होऊ शकते, मात्र तिथे आधी दुसऱ्या शाळेच्या जोडीदारापासून सुरू करणे बरे. ज्याच्या गाडीवर रोज बसायचे आहे त्याला सांगण्याची सवय नंतर लागेल.

एक मर्यादा इथे स्पष्ट केली पाहिजे. हे सारे कामातल्या उणिवांसाठी आहे. मुलाला मारहाण होत असेल, पोषण आहाराच्या धान्यात गडबड असेल, एखाद्या मॅडमना त्रास दिला जात असेल, तर ते सहकाऱ्याने समजुतीने सांगण्याचे प्रकरण नव्हे. त्यासाठी तक्रारीचा मार्ग आहे आणि तोच धरला पाहिजे. आपसांतल्या बोलण्याच्या नावाखाली अशा गोष्टी दडपल्या गेल्या तर ती गटबाजी होईल.

आणि केंद्रप्रमुखांना, अधिकाऱ्यांना एक विनंती. ही पंधरा मिनिटे उपयोगी ठरली तर त्यांचा अहवाल मागण्याचा मोह होईल. कोणत्या केंद्राने किती वह्या तपासल्या याचा तक्ता करावासा वाटेल. तो मोह आवरला पाहिजे. ज्या दिवशी तक्ता होईल त्या दिवशी शिक्षक तीन उत्तम वह्या निवडून आणू लागतील, आणि ३५ लिहिणारी वही घरीच राहील.